‘माझ्या पाटल्या हिनंच घेतल्या’: अल्झायमरच्या घरातला एक प्रश्न

एका ताईंचा प्रश्न असा आहे. सासूबाई ७३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोन वर्षांपासून तेच तेच विचारतात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पंधरा बायकांसमोर म्हणाल्या, "माझ्या पाटल्या हिनंच घेतल्या." पाटल्या दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या, तर म्हणाल्या, "बघ, घाबरून परत ठेवल्यास." सीटी स्कॅन नॉर्मल आला, फॅमिली डॉक्टर म्हणाले वय झालं. बंगळुरूची नणंद म्हणते, व्हिडिओ कॉलवर तर आई छान बोलते. नवरा म्हणतो, मनावर घेऊ नकोस. हा अल्झायमर असेल का? कशामुळे होतो? नवऱ्याला, मुलांना होईल का? आणि मी करू तरी काय?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि वीसेक वर्षं प्रामुख्याने विस्मरणाचेच रुग्ण बघते. पाटल्यांपासून सुरुवात करू, कारण या आजाराचं बरंचसं त्या डब्यात आहे.

पाटल्या सासूबाईंनी स्वतःच डब्यात ठेवल्या. पाहुणे येणार म्हटलं की दागिना तांदळात, गाद्यांच्या घडीत नाहीतर देवघरातल्या वस्त्राखाली, हे त्या आयुष्यभर करत आल्या असतील. म्हणजे जपून ठेवण्याची अक्कल शाबूत आहे. फक्त ‘मी ठेवल्या’ ही नोंद मेंदूत झालीच नाही. संध्याकाळी कपाट उघडतात, पाटल्या नाहीत. त्यांच्या लेखी त्या कोणी हलवलेल्याच नव्हत्या, मग कोणीतरी घेतल्या. त्यांच्या खोलीत दिवसातून दहा वेळा कोण जातं? तुम्ही. हिशेब चोख आहे, वरची एक ओळ तेवढी गळली आहे. नणंदेवर आळ येत नाही तो एवढ्याचसाठी, की ती बंगळुरूला आहे. ज्या घरात मुलगी सांभाळते तिथे मुलगी चोर ठरते, बाई ठेवली असेल तर बाई. हे इतक्या वेळा पाहिलंय की नातेवाईक खोलीत आले की मी आधी विचारते, "यांच्या मते चोर कोण?" एकजण हात वर करते. बहुतेक वेळा सगळं करणारी तीच असते, आणि बहुतेक वेळा तिथेच तिला रडू फुटतं.

हे आजचंही नाही. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. घरात पहिल्यांदा खटकला तो तिचा नवऱ्यावरचा संशय. विसरणं त्यानंतर लक्षात आलं. वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवून ठेवायची. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर. ती १९०६ मध्ये गेली तेव्हा ते म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या परिषदेत मांडणी केली. सभेत कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही म्हणतात. १९१० मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पहिल्या नोंदलेल्या रुग्णाची पहिली तक्रारच घरच्या माणसावरचा संशय होती, एवढं तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

अल्झायमरांना मेंदूत दोन गोष्टी दिसल्या होत्या आणि आजही आम्ही त्याच दोन बघतो. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साचलेले थर आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते. अमायलॉइड तुमच्या-माझ्या मेंदूतही रोज तयार होतं आणि रोज साफही होतं. वयानुसार, काहींच्या बाबतीत जनुकांमुळे, हा केर निघेनासा होतो आणि साचत जातो. टाऊचं काम वेगळं. इमारतीला परांची बांधतात तेव्हा बांबू काथ्याने आवळतात ना, तसा टाऊ पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या नळ्या आवळून धरतो. आजारात तो काथ्या सुटतो, सुटून त्याचाच गुंता होतो, आणि परांची खाली बसते. पेशीच्या या टोकाचं त्या टोकाला पोचत नाही, मग पेशी मरते. अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती लक्षणं दिसण्याच्या १५ ते २० वर्षं आधी. म्हणजे सासूबाई फळ्यावर बेरजा-वजाबाक्या शिकवत होत्या तेव्हाच आत काम सुरू झालं असणार. काही म्हाताऱ्यांच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर असतं आणि शेवटपर्यंत डोकं तल्लख राहतं, हेही खरं. त्यामुळे ‘अमायलॉइड म्हणजे आजार’ इतकं सोपं समीकरण मी मांडणार नाही.

टाऊची ही पडझड सुरू होते कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात. हा भाग मेंदूचा आवक-जावक कारकून. आजची घटना नोंदवून घ्यायची आणि पुढे कायमच्या दप्तरात पाठवायची हे त्याचं काम. कारकूनच गेला तर आजची नोंद होत नाही, पण जुनं दप्तर जागेवर असतं. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि १९७४ च्या शाळेतल्या हेडमास्तरांचा स्वभाव पानभर सांगता येतो. घरच्यांना हे ढोंग वाटतं. "हवं ते बरोबर आठवतं हिला!" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. हातांची स्मृती तर आणखी वेगळ्या ठिकाणी असते. नातीचं नाव न आठवणाऱ्या आजी नऊवारी चापूनचोपून नेसतात, पंचवीसकी-तिसकी सरळ म्हणतात, रामरक्षा सुरू करून दिली की कुठेही न अडखळता शेवटपर्यंत नेतात. पोळी उत्तम लाटतात. पण स्वयंपाकाचा क्रम लावणं, कुकर लावल्यावर तो लावलाय हे डोक्यात धरून ठेवणं, हे आधी जातं. तुमच्याकडे आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं का, आठवून बघा. माझ्या अनुभवात अल्झायमरचं पहिलं निदान दवाखान्यात होत नाही, जेवणाच्या ताटावर होतं.

आता, हा अल्झायमरच आहे का? रुग्ण न बघता मी ते सांगणार नाही. वर्णन जुळतंय. पण शिक्का मारण्याआधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत.

साध्या विस्मरणात नोंद झालेली असते, सापडत नसते. धागा दिला की ती वर येते: "अगं, प-वरून नाव आहे," म्हटलं की "हां, पद्मा!" अल्झायमरमध्ये धागा देऊन उपयोग होत नाही, कारण पलीकडे काही बांधलेलंच नसतं. मी तीन शब्द सांगते, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते. अनेकांना शब्द आठवत नाहीत, त्याची मला फार चिंता नसते. ज्यांना मी शब्द सांगितले होते हेच आठवत नाही, त्यांच्या कागदावर मी खूण करते. मग घड्याळ काढायला लावते, अकरा वाजून दहा मिनिटं. एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी सुरेख वर्तुळ काढलं, रेषा अशी की कंपासाने मारली असं वाटावं, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही."

सीटी नॉर्मल आला याचा अर्थ डोक्यात रक्तस्राव, गाठ, मेंदूत पाणी साचणं असलं काही नाही. त्यासाठीच तो काढतात. सुरुवातीचा अल्झायमर सीटीत दिसत नाही. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसू शकतो. त्याआधी बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हर या रक्ताच्या तपासण्या कराच. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की ते न तपासता ‘वय झालं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. नैराश्यसुद्धा हुबेहूब विस्मरणासारखं दिसतं. सासरे गेल्यानंतर हे सुरू झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोपेच्या गोळ्या, लघवी सारखी होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, यांनीही डोकं मंदावतं. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, अगदी शेजारणीने दिलेलं चूर्णसुद्धा. अमायलॉइड-टाऊ शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आता आल्या आहेत, अमेरिकेत २०२५ मध्ये अशा एका तपासणीला मान्यता मिळाली, पण ती तज्ज्ञाने सांगितल्यावर करायची. पॅकेजमध्ये स्वस्त मिळते म्हणून करू नका.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. विस्मरण दोन वर्षांत वाढलं तर तो अल्झायमर असू शकतो. दोन दिवसांत एकदम बिघडलं, रात्रभर बडबड, माणसं दिसतात म्हणणं, दिवसा ग्लानी, तर तो अल्झायमरचा ‘झटका’ नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, न्यूमोनिया, चार दिवसांची बद्धकोष्ठता, असं काहीतरी असतं. त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसलेली माणसं यात जातात.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतकी सहज वापरतो की साठीनंतर विसरणं नैसर्गिकच वाटतं. देशभरातल्या मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शिया साधारण ७.४ टक्के लोकांना आहे. (डिमेन्शिया हे स्मृती आणि बुद्धी ढासळवणाऱ्या आजारांच्या कुळाचं नाव, अल्झायमर हा त्यातला सगळ्यात मोठा भाऊ, १०० पैकी ६० ते ७० रुग्ण त्याचे.) आकडा मोठा आहे, सुमारे ८८ लाख माणसं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की शंभरातल्या त्र्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतर नाठी झालेली नाही. म्हणूनच ‘वय झालं’ हे निदान होऊ शकत नाही.

मिस्टरांना होईल का? आईला किंवा वडिलांना सत्तरीनंतर अल्झायमर झाला असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा वाढतो, पण ठरून जात नाही. एपीओई नावाच्या जनुकाचा चौथा प्रकार अंगात असेल तर धोका वाढतो. तो असूनही न झालेली आणि नसूनही झालेली माणसं भरपूर आहेत, म्हणून त्याची तपासणी मी उगाच करायला सांगत नाही. ज्यात एकाच जनुकामुळे आजार हमखास उतरतो अशी घराणी असतात, पण ती शंभरात एकही भरत नाहीत, आणि तिथे आजार बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. तुमच्या घरात ७१ व्या वर्षी सुरू झालाय. तेव्हा मिस्टर चष्मा विसरले की दचकू नका.

त्यांच्या हातात काय आहे ते सांगते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आणि ते सगळे हटवले तर डिमेन्शियाचे ४५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज मांडला. त्यातले बरेचसे तुम्ही सांगाल तेच: बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेट, दारू, बसून राहणं, नैराश्य, एकटेपणा. पण ऐकू न येणं हा त्यातला सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे, हे सांगितलं की लोक चमकतात. आपल्याकडे चष्मा लागला तर कोणाला लाज वाटत नाही, कानाला यंत्र म्हटलं की "एवढा काही बहिरा झालो नाही." मोतीबिंदू पिकायची वाट बघणं हेही तसंच. दूषित हवा आहे. डोक्याला मार आहे, आणि हे मी ज्या शहरात बसून लिहितेय तिथे हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघतात. आणि लहानपणीचं कमी शिक्षण. ज्या मुलींना चौथीतून काढून भावंडं सांभाळायला बसवलं, त्यांच्या म्हातारपणावर त्याचा परिणाम होतो. हैदराबादला ६४८ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सुमारे साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, आणि निरक्षर माणसांतही तसाच फरक दिसला. म्हणून घरात कानडी, हिंदी, कोकणी येत असेल तर ती बोला.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखंही थोडकंच आहे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन या गोळ्या आणि पुढे मेमँटिन. यांनी पेशी मरायच्या थांबत नाहीत. उरलेल्या पेशींना काम करायला काही काळ हात मिळतो. कोणाला सहा महिने-वर्ष बरा फरक दिसतो, कोणाला मळमळ आणि मंदावलेली नाडी एवढंच पदरात पडतं. अमायलॉइड साफ करणारी लेकानेमॅबसारखी नवी औषधं २०२३ पासून अमेरिकेत आली. दीड वर्षाच्या चाचणीत लेकानेमॅबने घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेलं परत आलं नाही. ती अगदी सुरुवातीच्या रुग्णांनाच देतात, शिरेतून, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला वारंवार एमआरआय करत. सासूबाई त्या टप्प्यापुढे आल्या असाव्यात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. भिजवलेले बदाम द्या, ब्राह्मी द्या, माझी हरकत नाही. त्यासाठी महिन्याला दहा हजारांचा ‘मेमरी कोर्स’ मात्र घेऊ नका. आणि चिडचिड करतात म्हणून ‘शांत करायची गोळी’ स्वतःहून सुरू करू नका. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांत अशा बऱ्याच औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. आम्हीही ती देतो, पण हात आखडून आणि थोड्या दिवसांसाठी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने पहिला. तुम्ही करायचं काय?

वाद घालणं सोडा. मी हे शिकले माझ्याच चुकीतून. वर्ष-दोन वर्षं झाली असतील मला कामाला लागून, एक आजी सारख्या विचारायच्या, "हे कुठे गेले?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "आजी, आजोबा जाऊन सहा वर्षं झाली." आजी त्या क्षणी विधवा झाल्यासारख्या रडल्या. दहा मिनिटांनी डोळे पुसून पुन्हा, "हे कुठे गेले?" सुनेने सांगितलं. पुन्हा तेच. त्या बाईला आम्ही एका सकाळी तीनदा विधवा केलं, खरं बोलण्याच्या नादात. आता मी म्हणते, "येतील हं. कसे आहेत हो स्वभावाने?" आणि आजी अर्धा तास हसत सांगतात, ते चहात किती साखर घालायचे.

या आजारात प्रसंग पुसला जातो, पण त्याने उठलेली भावना बराच वेळ टिकते. सकाळी पाटल्यांवरून तुम्ही दोघी भांडलात तर दुपारपर्यंत भांडण त्यांच्या लक्षात नसतं, पण ‘या बाईपासून सावध राहायला हवं’ हे अंगात राहतं. मग तुमच्या हातचं जेवण नको होतं, तुमच्याकडून आंघोळ नको होते. तुम्हाला वाटतं कारण नसताना. उलटही खरं आहे. तुम्ही "अगंबाई, पाटल्या गेल्या? चला, दोघी मिळून शोधू," म्हणून अर्धा तास शोधलंत, तर पाटल्या सापडल्याचं त्या विसरतील, तुम्ही बाजूने होतात हे राहील. सापडल्यावर "बघा, तुम्हीच ठेवल्या होत्या" हे वाक्य गिळायचं. मला माहीत आहे, ते गिळायला किती जड जातं. खऱ्या पाटल्या मिस्टर आणि नणंद दोघांच्या समोर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, त्याची चिठ्ठी दोघांच्या सहीने करा, आणि सासूबाईंच्या हातात बेंटेक्सच्या घाला. त्यांना फरक कळला तर कळला, हरवल्या तर दुसरा जोड. लपवायच्या जागांची यादी तुमच्याकडे असू द्या: तांदूळ, उशीचा अभ्रा, देवघर, जुन्या पर्सचा आतला कप्पा.

दिवेलागणीला त्या "मला घरी जायचंय" म्हणायला लागतील, कदाचित लागल्याही असतील. "हेच तुमचं घर आहे" असं सांगून उपयोग नाही. बहुतेक आजींच्या मनातलं ते घर माहेरचं असतं, आणि तिथे त्यांचे वडील ओसरीवर वाट बघत बसलेले असतात. संध्याकाळी उजेड कमी होतो, दिवसाचा थकवा असतो, सावल्या लांबतात, आणि असुरक्षित वाटलं की माणूस माहेराकडे तोंड करतो. दिवे लवकर लावा. विचारा, "घरी कोण कोण असतं? विहीर होती का?" एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर रोज चारला ड्युटीवर निघायचे, अडवलं की हात उगारायचे. त्यांच्या बायकोने माळ्यावरून जुनी चामड्याची बॅग काढली, रद्दीची तिकिटं करून दिली, आणि रोज चारला ती त्यांच्याबरोबर सोसायटीला दोन चकरा मारायची. परत आले की "हिशेब भरला का?" "भरला." मग चहा. हा उपाय कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या माउलीचं शिक्षण सातवी.

नणंदबाईंबद्दल. त्या खोटं बोलत नाहीत. दहा मिनिटांच्या कॉलवर "कशी आहेस, जेवलीस का, मुलं काय म्हणतात" एवढं बोलायला ताजी स्मृती लागत नाही. ती चाळीस वर्षांची शिष्टाचाराची सवय असते, आणि शिक्षिकेची तर फारच पक्की. शिवाय लेक दिसली की माणूस अंग सावरून बसतं. माझ्यासमोरही रुग्ण पंधरा मिनिटं इतके छान बोलतात की सून खोटी पडते. म्हणून नणंदेला समजावत बसू नका, व्हिडिओ पाठवू नका, त्याने कज्जे वाढतात. तिला या घरात आईबरोबर चार दिवस राहू द्या, तुम्ही नसताना. तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन येतो. अजून तरी मला याला अपवाद सापडलेला नाही.

मिस्टरांनाही सांगायचं आहे. ‘मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला आहे, मदत नव्हे. आईचा अल्झायमर त्यांच्या रक्ताच्या नात्यातला, आणि चोवीस तास तो भोगणार तुम्ही, ही आपल्या घरांची जुनीच वाटणी आहे. सांभाळणाऱ्या बायकांत मी जे बघते ते आधी झोप जाणं, मग पाठ-कंबर, मग बीपी, मग "देवा, सुटू दे त्यांना" असं मनात येणं आणि त्याची भयंकर लाज वाटणं. ते जवळपास सगळ्यांच्या मनात येतं. तसं वाटलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. निदानानंतर माणूस सरासरी ४ ते ८ वर्षं जगतो, कुणी वीस वर्षंही. इतक्या लांब पल्ल्याचं काम एकीच्या अंगावर टाकून चालत नाही. आंघोळ मिस्टरांना घालता येणार नसेल, पण औषधं, बँक, रात्रीची उठबस आणि रविवारचा पूर्ण दिवस त्यांच्याकडे येऊ शकतो.

बँकेवरून आठवलं, हे लवकर करा. मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. आपल्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच ते कामाचं नसतं. मृत्युपत्र करणाऱ्याची समज ते करताना शाबूत असावी लागते. तेव्हा अजून चांगले दिवस असताना त्यांची इच्छा त्यांनाच विचारा, सगळ्या भावंडांसमोर, आणि डॉक्टरांचं त्या तारखेचं प्रमाणपत्र जोडा. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या प्रकारचं करा, वारसनोंदी बघा. सही बदलायला लागली असेल तर पेन्शनच्या बँकेत आत्ताच जाऊन या, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या रांगेत हे कळायला नको. त्यांच्या मोबाइलवरून पैसे जाण्याची सोय बंद करा. विसराळू म्हाताऱ्यांना फोनवर फसवणारे त्याच दुपारी पुन्हा फोन करतात.

बाहेर निघून जाण्याची भीती असेल तर पदराला आतून नाव-फोनची पट्टी शिवा, दाराला वरच्या बाजूला कडी लावा, गॅसचा कॉक रात्री बंद. बाथरूममध्ये धरायला दांडी. बाकी हळूहळू लागेल तसं. पुढच्या टप्प्यावर गिळणं अवघड होतं, तेव्हा नळी घालायची का हा प्रश्न येतो. माझं मत सहसा नाही असंच असतं, पण ते आत्ता नको.

फोन लागलाच तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि तुमच्या स्वतःच्या मनासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत.

आणि आता ते चार दिवस ठरवा. नणंदेच्या सुट्टीची तारीख मागा, तुमचं माहेरचं तिकीट आधी काढा, मग सांगा. गोळ्यांची वेळ, दूधवाल्याचा हिशेब, आंघोळीला कोणतं गाणं लावलं की त्या तयार होतात, आणि पाटल्या लपवायच्या जागांची यादी, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. फोन घेऊन जा, पण पहिले दोन दिवस उचलू नका.